बारीक वारा

रोज सकाळी, चहाच्या आधी, डोमाजी आपल्या नातीच्या गालावर फुंकर घालत. नुसती फुंकर नव्हे. फवारणीच्या पंपाच्या नळीला टोकाशी जी पितळी टोपी बसते, जिला गावात सगळे नोझल म्हणतात, ती ओठांत धरून, तिच्या सुईएवढ्या भोकातून. दीपा तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. अंगणात पाटावर बसून ती डोळे मिटायची आणि गाल पुढे करायची.

"वारा लागला?"

"लागला."

"कसा?"

"बारीक."

बारीक म्हणाली की ती नोझल उजवीकडच्या डब्यात जायची. "जाडा" म्हणाली की डावीकडच्या. जाड वाऱ्याची नोझल औषध फवारत नाही, सांडते. डोमाजींकडे तपासणीचं दुसरं यंत्र नव्हतं. गावच्या कपाशीवरचा प्रत्येक फवारा आधी माझ्या नातीच्या गालावरून जातो, असं ते पाहुण्यांना सांगत. त्यात थट्टा किती आणि खरं किती, हे पाहुण्यांना कळत नसे. नोझल मात्र धुतलेली, कोरडी असायची आणि वाराही नुसता वाराच असायचा. त्याला पितळेचा आणि तिच्या आबाजींच्या तोंडातल्या लवंगेचा वास यायचा.

पांढरकवड्याहून आठ-दहा किलोमीटरवर, हैदराबादच्या रस्त्याला लागून त्यांचं गाव. फाट्यावरच्या कडुनिंबाखाली डोमाजींचं टिनाचं शेड होतं. शेती नव्हतीच, कधीच नव्हती. आठ वर्षांचे असताना ते वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेले होते. त्या दिवसाचं काय आठवतं, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "गर्दी आठवते. अन् रेल्वेच्या इंजिनाच्या चाकाले बसवलेले नट आठवतात. एवढाले." आणि दोन्ही हातांनी टरबुजाएवढा आकार दाखवत. पुढं पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली अकरा वर्षं राहिले, आणि जिनिंग बंद पडलं तेव्हा पान्यांचं एक बोचकं घेऊन गावात परतले. सायकल, स्टोव्ह, हातपंप, चौदा एप्रिलला हटकून बिघडणारा विहारातला कर्णा, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. पण नाव झालं ते फवारणीच्या पंपाचं.

त्यांची रीत ठरलेली होती. बुजलेलं भोक बैलाच्या शेपटीच्या केसानं उघडायचं. टाचणी लावायची नाही. टाचणीनं भोक वाढतं. केसानं नाही निघालं तर ओठांत धरून फुंकायचं, आणि फुंकून नाही निघालं तर ओढायचं आणि थुंकायचं.

गावात काही घरं अशी होती, जिथं डोमाजींच्या चहाचा कप वेगळ्या कोनाड्यात असे. त्याच घरची माणसं त्यांच्या तोंडातून निघालेली नोझल पंपाला लावून वावरात जात. डोमाजींच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. ते रागावत नसत. संध्याकाळी हात धुताना रुखमाबाईला म्हणत, "माह्या थुक्याशिवाय या गावचा कापूस पिकत नाही, रुखमा."

"लय शहाने," रुखमाबाई म्हणायची. "आधी चूळ भरा, मंग बोला."

दीपा शिकायला यवतमाळला गेली तेव्हा गालाची पंचाईत झाली. डोमाजींनी एकदा रुखमाबाईला पाटावर बसवलं होतं. एकच नोझल झाली. "अंगावर काटा येते मले," म्हणून ती उठली, आणि शेजारची इंदूबाई हसत हसत घरी गेली ती ही गोष्ट गावभर करायला. मग ते आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूवर वारा घेऊ लागले.

दोन हजार सतराला कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. असं झाड कुणी पाहिलं नव्हतं. झाड मोठं, पानं दाट, आणि बोंडात अळी. माणसं हात वर करून फवारत आणि फवारा परत त्यांच्याच तोंडावर उतरे. एका औषधानं अळी हटेना म्हणून दोन, मग तीन औषधं एकाच टाकीत कालवत. ती टाकीत दुधासारखी फाटत. त्यांचा चोथा नोझलमध्ये बसे. पूर्वी पंप हंगामाच्या आधी एकदा दुरुस्तीला यायचा, घरच्या बाईनं धुऊन दिलेला. त्या वर्षी तो वावरातून सरळ यायचा, पाठीवरून न उतरता, टाकी अर्धी भरलेली, दिवसातून दोनदा.

पोळ्याला दीपा घरी आली होती. डोमाजी चहात साखर नाही म्हणून कुरकुरले. रुखमाबाईनं आणखी एक चमचा घातला, तरी त्यांना गोड लागेना.

"जीभ म्हातारी झाली तुमची," दीपा म्हणाली.

"जीभ नाही वं, साखर म्हातारी झाली," डोमाजी म्हणाले, आणि दीपा हसली. एवढंच. पुढं कित्येक दिवस तिला हे हसणं आठवत राहिलं, आणि ज्या चेहऱ्यानं आपण हसलो तो आपलाच होता, हे तिला पटेना.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी बाबांचा फोन आला. दीपाचे बाबा, अश्वजित, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एका कारखान्यात होते. ते फोनवर नेहमी आधी "जेवली का" विचारत. त्या दिवशी म्हणाले, "दवाखान्यात ये. आबाजीले आणलं."

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात एक वॉर्ड भरून माणसं होती. सगळ्यांना घाम, सगळ्यांच्या तोंडाला लाळ, काहींचे हात खाटेला बांधलेले. सगळे फवारणीवरून आलेले. डोमाजी शेवटच्या खाटेवर होते. दीपानं हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. तरुण डॉक्टरनं त्यांची पापणी वर केली आणि बॅटरी मारली. दीपा खाटेच्या या बाजूला उभी होती. तिला दिसलं. आबाजींच्या डोळ्यातली काळी बाहुली आक्रसून एवढीशी झाली होती. नोझलच्या भोकाएवढी. तिला वाटलं आपण चुकीचं पाहतोय. तिनं दुसऱ्या डोळ्याकडं पाहिलं. तोही तसाच.

"फवारणीला गेले होते?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही," रुखमाबाई म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. "आमचं वावर नाही."

"मजुरीनं?"

"नाही. ते नाही फवारत."

"घरात औषधाची बाटली होती?"

"शेडमंदी रायतेत. लोक ठेवून जातेत."

डॉक्टर थांबला. त्यानं रात्रभर झोप घेतलेली नसावी. "घरी काही भांडण वगैरे?"

रुखमाबाईनं मान वर केली. अश्वजित काही बोलणार, त्याच्या आधीच ती म्हणाली, "झालं. मीच बोलली त्यायले."

डॉक्टरनं कागदावर लिहिलं. दीपाला उलटं अक्षर वाचता येत होतं: विष प्राशन. तिला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. तो शब्द आणि खाटेवरचा माणूस मात्र तिला एकत्र आणता येईना. विष प्राशन केलेल्या माणसांच्या बातम्या ती वर्तमानपत्रात वाचत मोठी झाली होती. ती माणसं दुसरीकडची होती. हे आबाजी होते. यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखाखाली ग्रीस होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

गावात आणलं. पांढरे कपडे, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील. दीपा सगळ्यांबरोबर म्हणत होती, ओठ हलत होते, आवाज येत होता की नाही हे तिला कळत नव्हतं. माणसं खूप आली. ज्यांच्या घरी वेगळा कप होता, तीही आली. आणि अंत्ययात्रेहून परतल्यावर अंगणात बसून त्यांनी कारणं शोधायला सुरुवात केली.

"डोमाजीसारखा मानूस," वामनराव म्हणाले. त्यांच्याच जीपमधून डोमाजींना दवाखान्यात नेलं होतं. "ना वावर, ना कापूस. त्याले काय दुःख होतं?"

"पोरगा दूर राह्यते. मनात धरलं असन."

"बुढीनं काही म्हनलं, असं आयकलं."

"म्हातारपन लय वाईट, भाऊ."

डोमाजींना दुःख होतं की नव्हतं, हे अर्ध्या तासात ठरलं. या जिल्ह्यात विषानं माणूस गेला की पुढचं विचारायची कुणाला सवयच उरली नव्हती.

रुखमाबाई आत बसून सगळं ऐकत होती. तिनं तीन दिवस भाकरीला हात लावला नाही. भांडण काय, ते तिनंच दीपाला सांगितलं, भिंतीकडं तोंड करून. अश्वजितनं दोघांना लोहाऱ्याला बोलावलं होतं, तिथून पुढं नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं. डोमाजी म्हणाले, हंगाम झाल्यावर. तीन वर्षं ते हेच म्हणत होते. त्या संध्याकाळी ती चुलीपाशी भडकली. म्हणाली, "मराचं असन तं मरा त्या पंपापाशीच. मी रडाले येनार नाही."

"ते काही बोलले नाहीत. ताटावर बसले, एक घास घेतला, अन् उठले," ती म्हणाली. "रुसले म्हंजे जेवत नसत. लग्नापासून हेच. सकाळी जेवतीन म्हून मी भाकर झाकून ठेवली. सकाळी पायते तं तोंडाले फेस. मीच पाठवलं त्यायले."

"आजी, तसं नसन," दीपा म्हणाली. पण मग कसं असेल, हे तिलाही माहीत नव्हतं.

गुरुवारी पोलीस ठाण्याचे जमादार जबाब घ्यायला येणार होते. रुखमाबाईनं अश्वजितला सांगून ठेवलं होतं, की मी खरं तेच सांगीन, माझ्या बोलण्यानं गेले म्हणून. अश्वजित बुधवारी दिवसभर अंगणातल्या पाटावर बसून होता. आईला गप्प कसं करायचं आणि का करायचं, दोन्ही त्याला सुचत नव्हतं. दीपाला एवढंच दिसत होतं, की उद्या ते वाक्य कागदावर गेलं की आजी उरलेलं आयुष्य त्या कागदात काढेल.

दुपारी ती शेडचं कुलूप उघडून आत गेली. आत औषधाचा उग्र वास कोंडला होता. दुरुस्तीला आलेले पंप भिंतीशी ओळीनं उभे होते, कुणी न्यायला आलं नव्हतं. उजवीकडचा डबा. डावीकडचा डबा. तिनं उजवीकडचा उघडला. प्रत्येक नोझल पातळ कागदात गुंडाळलेली. डोमाजी औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागद टाकून देत नसत. इतका पातळ आणि चिवट कागद दुसरा मिळत नाही, म्हणत. त्याचे चौकोन फाडून ठेवत. तिनं एक नोझल सोडवली आणि कागद सरळ केला. खसखशीएवढी अक्षरं, पाच-सहा भाषांत. मराठीच्या चार ओळी तिच्या तुकड्यावर आल्या होत्या. तिसरी ओळ होती: बुजलेली नोझल तोंडाने फुंकून साफ करू नये.

तिनं ती परत वाचली. मग दुसरी नोझल सोडवली. त्या तुकड्यावर तेलुगू होतं. तिसऱ्यावर पुन्हा मराठी, तीच ओळ, मध्येच फाटलेली. आबाजी चौथीपर्यंत शिकलेले होते. चष्मा लावून पेपर वाचत. पण खसखशीएवढं अक्षर कोण वाचतं. तिनं तरी कधी वाचलं होतं? लहानपणी हेच कागद तिनं हातानं सरळ करून दिले होते. तिचा हात आपोआप गालाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"दीपाबाई?"

दाराशी सेवादास उभा होता. पलीकडच्या तांड्यावरचा, तीन एकर कपाशी असलेला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"पंप न्याले आलतो," तो म्हणाला. "नाही... पंप राहू दे. त्या दिवशी मी तीन चकरा मारल्या. ते सांगाले आलो."

"कोणत्या दिवशी?"

"दवाखान्यात नेलं, त्याच्या आदल्या दिवशी. नोझल सारखी बसून राह्यली होती. दुपारच्याले काका म्हने, सेवादास, उजेडाकडं धर बरं, मले भोक दिसून नाही राह्यलं. मी म्हनलं, काका, मोतीबिंदू पिकला तुमचा. तं हासले. अन् तोंडाले सारखं पानी. पुसत अन् फुंकत. म्हने, चिच पाहून नाही सुटत एवढं पानी सुटून राह्यलं."

"दुपारी? नक्की दुपारी?"

"दोन वाजता. शायेतली पोट्टी जेवाले सुटली होती."

भांडण दिवे लागायच्या वेळचं होतं. दीपाला आबाजींचे ते आक्रसलेले डोळे आठवले. ती डोमाजींच्या स्टुलावर बसली.

"नोझल धुऊन आणत होता तुम्ही?"

सेवादासनं खाली पाहिलं. "कुठं धुता, बाई. टाकीत औषध तसंच. वावरात मानसं उभी. मीच म्हनलं, काका, जरा हात चालवा."

तो पंप न घेताच गेला.

घरी येऊन दीपानं ते कागदाचे तुकडे रुखमाबाईसमोर चुलीपाशी मांडले. "आजी, आबाजीनं औषध पेलं नाही."

"मंग पोटात कसं गेलं?"

"फुंकता फुंकता. ते दुपारीच आजारी होते. तुह्या भांडणाच्या आधी. सेवादासकाकानं पाह्यलं."

"चाळीस वर्सं फुंकलं त्यायनं."

"तवा लोक धुऊन आणत होते. अन् एवढं कालवत नव्हते. हे पाय, इथं लिहिलं हाये."

रुखमाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागदावरून बोट फिरवलं, जणू अक्षर हाताला लागेल. क्षणभर तिचा चेहरा सैल झाला. मग पुन्हा आवळला.

"अन् मंग जेवले काहून नाही?" ती म्हणाली. "एक घास घेऊन उठले. माह्या हातचं नको झालं त्यायले. हे कोन्या कागदावर लिहिलं हाये, सांग."

दीपानं तुकडे गोळा केले.

गुरुवारी अकरा वाजता जमादार आले. अंगणात खुर्ची टाकली. थकलेला, नीट बोलणारा माणूस. मांडीवर फळी, फळीवर कागद. त्यांनी पाणी घेतलं, पेला हातात तसाच धरून ठेवला, मग न पिता खाली ठेवला. दीपानं सेवादासचं सांगितलं, कागदाचे तुकडे दाखवले. त्यांनी ते वाचले, दोनदा वाचले, आणि फळीखाली सरकवले.

"बाई, तुम्ही सांगा," ते रुखमाबाईला म्हणाले.

"लिहा," ती म्हणाली. "भांडन झालं. मी म्हनलं, मराचं असन तं मरा."

अश्वजितनं मान फिरवली. जमादारांचं पेन चालत राहिलं.

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. ताटावर बसले. एक घास घेतला अन् उठले."

"कशाचा घास?"

"वांग्याची भाजी अन् भाकर."

"आणि त्यानंतर? रात्रभर काहीच बोलले नाहीत?"

"रुसले होते."

"शेवटचं काहीतरी बोलले असतील. झोपताना."

"ते काय लिहासारखं नाही, भाऊ," रुखमाबाई म्हणाली. "घरातलं बोलनं."

"सांगा तरी. मला विचारावंच लागतं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. बोलायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. तिची नजर जमादारांवरून फळीखालच्या कागदांवर गेली आणि तिथून दीपावर आली. दीपानं आजीला असं कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या माणसाला आपल्याच घरात, आपल्याच फडताळात ठेवलेली वस्तू अचानक दिसावी आणि ती तिथं इतके दिवस होती याचा धक्का बसावा, तशी ती बघत होती. फाट्यावरून एक ट्रक गेला.

मग रुखमाबाईनं सांगितलं. हळू, शब्द जसे होते तसे, डोमाजींच्याच थकलेल्या चालीत.

"खाटेवर आडवे झाले अन् म्हने, रुखमा, उद्या भाजीत तिखट कमी टाकजो. तोंड सोलल्यावानी झालं."